न ठेवलेलं प्रस्थान

लोणारचं पाणी मी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा पाडव्याच्या आधी, दोन्ही वेळा बैलगाडीनं, आणि दोन्ही वेळा जायचं ठरलं ते माझ्या नणंदेसाठी. पहिल्या वेळी ती आलीच नाही. का आली नाही, हे घरात एकट्या मला ठाऊक होतं. त्या वेळची माणसं आता राहिली नाहीत, म्हणून लिहायला बसले. कोणाला वाईट वाटायचं असेल तर मलाच वाटेल, आणि त्याची मला सवय आहे.

माझं माहेर इंझोरीचं आणि सासर किन्हीराजाचं. लग्न होऊन आले तेव्हा चौदाची होते. घरात सासू, माझा नवरा आणि त्याची थोरली बहीण, अशी तीनच माणसं. सासरे मी पाहिले नाहीत. शेत बरं होतं, दोन बैलजोड्या होत्या, एक सालदार गडी होता. खाऊनपिऊन सुखी म्हणतात तसं घर. आणि मी तोंडाची तिखट. आई म्हणायची, ही पोट्टी नाकावर माशी बसू देत नाही. सासरी येऊनही मी ती बसू दिली नाही.

नणंदेला सारा गाव 'बाई' म्हणायचा, मीही बाईच म्हणायचे. चाळिशीला आलेली, उंच, हाडापेरानं मजबूत. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला. बैल घ्यायला तो मेहकरच्या बाजारी निघाला होता, आणि दिवस होता रविवार. रविवारी आणि शुक्रवारी पश्चिमेकडे निघू नये, दिशाशूल असतो, असं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. तो म्हणाला, उद्या जाऊ का? बाई म्हणाली, जा, काय होते. तिसऱ्या दिवशी निरोप आला की वाटेत पटकी लागली आणि माणूस संपला. तेव्हापासून ती माहेरीच. आमच्यात विधवेचा पाट लावायची, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायची, चाल होती, दोन ठिकाणांहून विचारणंही आलं, तिनं नाही म्हटलं. घरात कोणी 'काय होते' असं नुसतं म्हटलं तरी ती हातातलं काम ठेवून आत जायची.

मी आले त्याच्या तिसऱ्या वर्षी तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं, मग बाजूचं दिसेना. दारातून जाताना खांदा चौकटीला आपटायचा. माझ्या नवऱ्यानं तिला अकोल्याला नेऊन दाखवलं. तिथला डॉक्टर म्हणाला, हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे, कापून निघायचा नाही. साल, फार तर दीड साल. काही पाहायचं राहिलं असेल तर पाहून घ्या.

परत आल्यावर बाई दोन दिवस नेहमीसारखी कामाला लागली. तिसऱ्या दिवशी ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, "मले लोनार पाहाचं हाय."

सासू म्हणाली, "देवच पाहाचा तं आपलं वाशीमचं बालाजी हाय की. इतक्या दूर कायले?"

"देव नाही. पानी पाहाचं हाय."

तिच्या बापानं तिला लहानपणी सांगितलं होतं. लोणारला दैत्याचा खड्डा आहे, गावच्या गाव मावेल एवढा. त्यात असलं खारं पाणी की मासोळी जगत नाही, आणि त्याच खड्ड्याच्या काठावर गोड पाण्याची धार बारा महिने पडते. "खाऱ्याच्या इतक्या जवळ गोड कसं राह्यते, ते मले पाहाचं हाय," बाई म्हणाली. "डोये हायेत तवर."

गावात ही गोष्ट पसरली तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नवस नाही, लग्न नाही, मयत नाही, कोणाचं बोलावणं नाही. नुसतं पाहायला गाडी जुंपायची, हे आमच्या गावानं ऐकलं नव्हतं. माझा नवरा खादीची टोपी घालणारा, थोडा नव्या मताचा. तो म्हणाला, आपलाच मुलूख आहे, आपण नाही पाहायचा तर कोणी पाहायचा? गहू खळ्यावर आला की बैल मोकळे होतात, नद्यांचं पाणी उतरलेलं असतं, रस्ते वाळलेले असतात, पळस फुललेला असतो. होळीनंतर निघायचं आणि पाडव्याच्या आत परत यायचं. पाडव्याला सालदाराचं साल संपतं, नवा गडी लागतो, घरात गुढी उभारायची असते. त्या दिवशी घर बंद ठेवून चालत नाही.

पण त्या साली मळणी लांबली. हिशेब करता करता एकच दिवस निघायला उरला, आणि तो नेमका शुक्रवार. लोणार आमच्या पश्चिमेला. अशा वेळी करायचं काय, ते आमच्याकडे ठरलेलं होतं: प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगला दिवस पाहून, जाणाऱ्या माणसाचं एकेक गाठोडं आधीच घराबाहेर काढायचं. अंगावरचा एक कपडा, एक सुपारी, मूठभर तांदूळ, आणि सवाष्ण असली तर हळकुंड. ती गाठोडी वेशीबाहेर मारुतीच्या देवळात नेऊन ठेवली की त्या माणसाचा प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. पुढं पाच दिवसांत वाईट वारीही निघालं तरी बाधत नाही. एक मात्र आहे, ठेवलेलं प्रस्थान उचलून परत घरी आणायचं नाही. ते मोठं अभद्र.

सोमवार चांगला निघाला. सासूनं सांगितलं, आपल्या तिघांची गाठोडी तू बांध, बाईचं ती स्वतः बांधेल, गाडी हाकणाऱ्या गड्याला प्रस्थान लागत नाही. विधवेचं वेगळं असतं, पांढऱ्या फडक्यात, हळकुंडाशिवाय. दिवस कलताना चारही मारुतीत नेऊन ठेव. एवढंच काम.

त्याच सोमवारी दुपारी मी ओसरी सारवली होती. मन लावून सारवली होती, कारण गल्लीतल्या चारपाच बाया प्रवासाचं विचारायला येणार होत्या. त्या आल्या, बसल्या. बाई बाहेर आली, खाली बसताना तिनं जमिनीवरून हात फिरवला. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण हाताला बरोबर सापडलं. "इथं राह्यलं व," ती म्हणाली, आणि शेणाचं टोपलं मागवून सगळ्यांदेखत तेवढा कोपरा पुन्हा सारवला. सारवता सारवता हसून म्हणाली, "इंझोरीले असंच सारवतात काय?"

बाया हसल्या. तीही थट्टेतच म्हणाली होती, आज मला कळतं. पण तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मला काय म्हणायचं ते म्हणा, माझ्या माहेराला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, दोन घटका भांडण होऊन मिटलं असतं.

दिवस कलला तेव्हा मी तीन गाठोडी उचलली. बाईचं पांढरं गाठोडं स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या देवळीत होतं. तिनं चाचपत चाचपत गाठ मारली होती, एक टोक लांब राहिलं होतं. मी ते पाहिलं. हातात घेतलं. आणि मडक्यांच्या उतरंडीमागं सरकवून दिलं. मनात म्हटलं, शोधू दे एक रात. उद्या नेऊन ठेवीन, मंगळवारनं काही बिघडत नाही. एवढाच माझा बेत होता. माणूस मारायचा नव्हता, नुसता चिमटा काढायचा होता.

मंगळवारी पहाटे आभाळ भरून आलं. खळ्यावर साऱ्या वर्षाचा गहू उघडा पडलेला. आम्ही सगळे धावलो, बाईसुद्धा. ताडपत्री नव्हती, गोधड्या, घोंगड्या, कडब्याच्या पेंढ्या, हाताला येईल ते टाकलं. दोन दिवस आभाळ तसंच होतं, दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. गुरुवारी ऊन पडलं, गहू घरात आला, संध्याकाळी दशम्या भाजल्या. आणि त्या गाठोड्याची मला आठवणही राहिली नाही. यात खोटं काही नाही. सोमवारी मी मुद्दाम केलं आणि मंगळवारी खरोखर विसरले. दोन्ही मीच केलं.

शुक्रवारी सकाळी दमणी, माणसं न्यायची हलकी बैलगाडी, जुंपली. वर कमान बांधलेली, खाली गवताची गादी. बाईनं नवं लुगडं नेसलं होतं. तिच्याकडे नवं लुगडं होतं हेच मला ठाऊक नव्हतं. ती गाडीत मागं बसली होती आणि गडी बैलांना बोलत होता, तर तीही मध्येच त्यांना बोलायची. इतकी बोलताना मी तिला कधी पाहिली नव्हती. मारुतीपाशी गाडी थांबली. नवरा आत जाऊन गाठोडी घेऊन आला.

"तीनच हायेत," तो म्हणाला.

सासू म्हणाली, "चवथं कोठी हाय? पाह्य नीट."

तेव्हा मला आठवलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, मी गाडीत बसलेली होते तरी सरकली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईनंही तोंड माझ्याकडे वळवलं. सासूचा आवाज चढला. "काहून व? बाईचं नाही ठेवलं?"

मी म्हटलं, "इसरली."

नवरा वैतागला. "अरे, एका गाठोड्यानं काय होते? बसा, चाला."

ते शब्द त्याच्या तोंडून गेले आणि बाई गाडीतून उतरायला लागली. एका हातानं कमान धरून, पायानं जमीन शोधत. त्याला चूक कळली, तो तिला धरायला गेला. ती म्हणाली, "नोको रे बाबू. मी एकदा म्हटलं होतं तसं. पुन्हा नाही."

मग नवरा म्हणाला, रात्र इथंच मारुतीत काढू, उद्या शनिवारी निघू. सासू म्हणाली, एक दिवस गेला तर पाडव्याच्या आत येणं होत नाही. तो म्हणाला, मग सगळेच परत फिरू, पुढल्या साली जाऊ. यावर बाईच बोलली, "गाठोडे उचलले ना? आता गाडी घराकडं नोका फिरवू. तुमच्यापैकी कोनाले काही झालं तं मी काय करू?"

सासू मला बोलायला लागली. ती बोलणारच होती, लेक तिची होती. पण बाईनं तिला थांबवलं. "तिले नोको बोलू. मीच म्हटलं होतं, माह्यं नोको ठेवू म्हून. टोंगळे दुखून राह्यले माहे. मी तं मारुतीपरेंत पोचवाले आली होती."

गुडघे दुखतात म्हणे, आणि आली होती नवं लुगडं नेसून, शिदोरी बांधून. ते खोटं आहे हे सासूला कळलं, नवऱ्याला कळलं, बैल धरून उभ्या असलेल्या गड्यालाही कळलं असेल. कोणी काही म्हटलं नाही. मी तर नाहीच. माझ्या जिभेला चारचौघांत उत्तर सापडलं नाही असं कधी झालं नव्हतं. माझं गाठोडं तिला द्यावं आणि आपण उतरावं, हे मनात आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर सासूनं विचारलं असतं, इतकं काहून? म्हणून मी जागची हलले नाही.

बाईनं तिची शिदोरी माझ्या मांडीवर ठेवली. "नीट पाह्यजो," ती म्हणाली. "आल्यावर मले सांगा लागन तुले." मग ती परत निघाली. रस्त्याच्या कडेला काट्यांचं कुंपण होतं, त्याला हात लागणार नाही इतक्या अंतरानं, पण त्याच्याच अंदाजानं चालत गेली. गाडी वळेपर्यंत मी मागच्या बाजूनं पाहत होते.

मालेगाव, शिरपूर, रिसोड, मग पैनगंगेचं वाळूचं पात्र ओलांडून लोणार. चार दिवस लागले. साऱ्या वाटेनं पळस फुलला होता, शेतं रिकामी होती, नुसत्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या, आणि मध्येच एखादी काटेसावर अंगभर लाल. शिरपूरला जैनांच्या देवळात अधांतरी मूर्ती आहे, तीही पाहिली. हे सारं मी आज लिहिते ते दुसऱ्या प्रवासाच्या जोरावर. पहिल्या वेळी मला काही दिसलं नाही. वाटेत रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, माझ्या घशाखाली उतरेना. सासू म्हणाली, गाडी लागली असेल. लोणारच्या काठावर उभी राहिले तेव्हा खाली एक मोठं हिरवं पाणी दिसलं आणि मला रडू आलं. नवऱ्याला वाटलं, पोरीला देखावा पाहून भरून आलं. त्याला बरं वाटलं.

परत आलो त्या दिवशी बाई दारात उभी होती. पाय धुवायला पाणी दिलं, जेवू घातलं, आणि मग मला घेऊन ओसरीवर बसली. "सांग."

मी सांगायला लागले आणि मला कळलं की माझ्याकडे सांगायला काही नाही. पाणी हिरवं होतं. कसं हिरवं? मी म्हटलं, मुगाच्या सालासारखं. काठावर झाडं कोणती? मी म्हटलं, कडूनिंब. निंब सगळीकडेच असतो. धार केवढी? मनगटाएवढी, म्हटलं. पुढं कळलं की मांडीएवढी आहे. खाली देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे, तिचं अर्धं पाणी गोड आणि अर्धं खारं म्हणतात, हे मात्र मला खरंच आठवत होतं. बाई हसली. म्हणाली, "सुनेचं पानी खारं असन." मीही हसले. हसताना माझा जीव जात होता.

दिवाळीपर्यंत तिचे डोळे गेले. एकदम नाही. आधी सुईत दोरा ओवेना, मग ताटातलं मीठ दिसेना, मग उजेड-अंधार एवढंच राहिलं, मग तेही गेलं. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त माझ्या हाताला धरून राहायला लागली. विहिरीवर, शेतात, कोणाच्या घरी, जिथं जाईल तिथं. आणि जिथं जाईल तिथं विचारायची, "काय दिसून राह्यलं?"

पहिल्यांदा मी उडवून लावायचे. काय दिसणार, बोरीची झाडं, म्हशी. तिला तेवढं पुरायचं नाही. किती म्हशी? कोनाच्या? पान्यात बसल्या का उभ्या? हळूहळू मी पाहायला शिकले. तिला सांगायचं म्हणून पाहायचं, म्हणून नीट पाहायचं. तूर पिवळी व्हायला लागली की आधी कुठल्या बाजूनं होते, हे मला तिच्यामुळं कळलं. ज्या माणसाचे डोळे मी दोन वेळा उपाशी ठेवले, एकदा जाऊ न देऊन आणि एकदा धड न सांगून, त्यानंच मला डोळे दिले, असं मनात यायचं, आणि मग रात्री भाकरी कडू लागायची. शंभरदा सांगायला तोंड उघडलं असेल. दरवेळी ती काहीतरी चांगलं बोलायची आणि माझं तोंड मिटायचं.

फाल्गुन लागला तसं मीच घरात काढलं. बाईला लोणारला न्यायचं. सासू म्हणाली, "आता काय पाहान ते?" मी म्हटलं, मी दाखवीन. सासू यायला तयार नव्हती, तिला गाडीचे धक्के सोसत नव्हते. नवरा तयार झाला. गडी पहिल्या सालचाच होता, पाडव्याला पुन्हा लागला होता. या खेपेला दिवस बुधवारचा होता, दिशाशूल नव्हता, प्रस्थानाची गरज नव्हती. तरी मी आधीच्या सोमवारी बाईचं गाठोडं बांधलं, पांढऱ्या फडक्यात, आणि सगळ्यांत आधी तेच मारुतीत नेऊन ठेवलं. गुरव म्हणाला, "या वेळी एकटीचंच?" मी म्हटलं, हो, एकटीचंच.

त्या चार दिवसांत मी जितकं बोलले तितकं जन्मात बोलले नसेन. पळस दिसला की सांगायचं, किती झाडं, पानं आहेत का नुसती फुलं. मोहाच्या झाडाखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या, त्यातल्या एकीच्या पाठीला तान्हं पोर होतं, ते सांगितलं. बाई मध्ये मध्ये म्हणायची, "थांब. वास येऊन राह्यला, आता आंबा हाय काय?" आणि खरंच आंबा असायचा, मोहरानं लगडलेला. शिरपूरला तिनं मूर्तीचं विचारलं. मी म्हटलं, खालून फडकं जातं म्हणतात. तिला फार गंमत वाटली. पैनगंगेच्या वाळूत तिला उतरायचं होतं, उतरवलं, तर लुगडं वर धरून घोटाभर पाण्यात उभी राहिली आणि बराच वेळ निघेना. नवरा म्हणाला, बाईला इतकं खूश मी लहानपणी पाहिलं होतं. मलाही वाटलं, फिटलं. देवानं मला फेडायची संधी दिली आणि मी फेडलं.

लोणारला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. नवरा उतरायच्या जागेची व्यवस्था पाहायला गावात गेला. मी, बाई आणि गडी धारेवर आलो. बाईनं धारेखाली दोन्ही हात धरले, ओंजळ प्याली, तोंड धुतलं. "गोड हाय व," म्हणाली. मग तिथून पुढं काठावर आलो, जिथून खालचं सगळं दिसतं. गडी थोडा लांब विडी ओढत बसला. मी बाईला एका दगडावर बसवलं, तिचा हात हातात घेतला, आणि सांगायला लागले.

या वेळी मी काही गाळलं नाही. खड्डा गोल आहे, परातीसारखा. उतारावर सगळी झाडी आहे, तिच्यात मध्ये मध्ये जुन्या दगडी देवळांचे शेंडे. पाण्याच्या कडेनं खाराची पांढरी रेघ आहे. आपण बसलो त्या बाजूला सावली उतरली आहे, पलीकडे अजून ऊन आहे, म्हणून अर्धं पाणी काळपट आणि अर्धं हिरवं दिसतं. बाई ऐकत होती. तिचं तोंड पाण्याकडेच होतं. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "पाह्यलं मी. तुह्यामुळं पाह्यलं. पोटची लेक नसती करत इतकं. देव तुह्यं भलं करो."

हे मला गिळवेना. शिव्या दिल्या असत्या तर मी मुकाट घेतल्या असत्या. वर्षभर दाबून ठेवलेलं वर आलं. मी म्हटलं, "बाई, मी इसरली नव्हती. मागल्या साली. तुमचं गाठोडं म्या हातात घेतलं होतं. मुद्दाम उतरंडीमागं टाकलं."

तिचा हात माझ्या हातात तसाच होता. वारा नव्हता. खाली कुठं तरी मोर ओरडला.

"काहून?" तिनं विचारलं.

"राग आला होता."

"कायचा?"

ते शब्द उच्चारताना मला कळलं की ते किती लहान आहेत. पण आता थांबता येत नव्हतं. मी म्हटलं, "सारवनाचा."

"सारवनाचा," ती म्हणाली.

मी भराभर पुढचं सांगायला लागले, की दुसऱ्या दिवशी ठेवणार होते, आभाळ आलं, मग खरंच विसरले. तिनं हात सोडवून घेतला. झटकला नाही. मांडीवरची वस्तू उचलून बाजूला ठेवावी तसा सोडवला.

"लेकराचं डोकं, राह्यलं असन ध्यानातून, असं मी धरून चालली होती व," ती म्हणाली. "सालभर त्याच्यावरच निभावलं मी. तेवढं तं राहू द्याचं होतं."

मी तिचे पाय धरले. तिनं पाय मागं घेतले नाहीत, पण मला ऊठही म्हटलं नाही. अंदाजानं गड्याच्या दिशेला तोंड करून तिनं हाक मारली, "भाऊ, ये रे. मले खाली पान्यापरेंत ने."

गड्यानं विडी विझवली आणि आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिला हात दिला. बाई त्याच्या हाताला धरून पायऱ्या उतरायला लागली. मी मागून गेले. तिला ठेच लागेल म्हणून दोनदा पुढं झाले, पण गडी सांभाळून नेत होता, माझी गरज नव्हती. झाडीतून उतरायला बराच वेळ लागला. खाली खाराचा उग्र वास येत होता.

पाण्याशी पोचल्यावर तिनं वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग सरळ उभी राहिली.

"काय दिसते रे भाऊ?"

गडी साधा माणूस. त्याला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"पानी हाय, बाई."

"अजून?"

"पानीच हाय."

बाईनं मान हलवली. मी पाच हातांवर उभी होते. ऊन पलीकडच्या काठावरून वर सरकत होतं, पाण्यात काळ्या पायांचे दोन पक्षी चालत होते, एकाची चोच दुसऱ्यापेक्षा लांब होती. सगळं मला दिसत होतं. तिनं मला विचारलं नाही, आणि मी बोलले नाही.